बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर इनलाइन एक्झॉस्ट बसवायचाय: ४ इंची की ६ इंची, पाइप कुठला?

ओलसर_भिंत
ठाण्यातला फ्लॅट. बाथरूम ८ × ५ फूट, फॉल्स सीलिंग ८ फुटांवर आणि त्यावर स्लॅबपर्यंत १४ इंच मोकळी जागा. एक भिंत सोसायटीच्या डक्टला (पाइपांसाठी सोडलेली उभी मोकळी पोकळी) लागून आहे, तिथेच लूव्हरची खिडकी. सध्या खिडकीत बसवलेला ६ इंची पंखा आवाज भरपूर करतो, पण आरशावरची वाफ अर्धा तास हलत नाही. सीलिंगच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरलीये.
इनलाइन (पाइपाच्या मध्ये बसणारा) पंखा ४ इंची घ्यावा की ६ इंची? पाइप पीव्हीसी की अॅल्युमिनियमचा फ्लेक्सिबल? वायरमनचं म्हणणं, पाइप बाहेर काढायची गरजच नाही, हवा सीलिंगच्या वर सोडली तरी चालते. खरंय का?

काटकोन
शेवटचं आधी: अजिबात नाही. वाफ सीलिंगच्या वर सोडली की ती थंड स्लॅबला लागून पाणी होते आणि पीओपीवर परत टपकते. बुरशी तुम्हाला दिसणाऱ्या बाजूऐवजी न दिसणाऱ्या बाजूला वाढेल, एवढाच फरक. त्याच चालीची दुसरी चूक प्लंबर करतात, पाइप संडासच्या व्हेंट पाइपमध्ये जोडून देतात. पंखा बंद झाला की गटाराचा वास उलटा घरात येतो.

आता माप. ८ × ५ × ८ म्हणजे ३२० घनफूट, साधारण ९ घनमीटर. तासाला १५ वेळा हवा बदलायची म्हटलं तर १३५ घनमीटर, म्हणजे ८० सीएफएम (मिनिटाला घनफूट). १०० मिमी (४ इंची) मिक्स्ड फ्लो (पाइपाचा अडथळा पेलणारा) पंखा मोकळ्या हवेत तासाला १८० घनमीटरच्या आसपास देतो. पाइप, जाळी, बाहेरची झडप यांत काही जाईल, तरी पुरतं. ६ इंची घेतलात तर पाइपही ६ इंची लागेल आणि १४ इंचांत त्याचं वळण बसवताना जीव जाईल. घेताना खोक्यावरचा हवेचा आकडा एकटा बघू नका, दाब किती पास्कल तेही बघा. साधा अॅक्शियल (खिडकीत बसवतात तसला) पंखा पाइप लावला की दमतो. तुमच्या खिडकीतल्या पंख्याचं दुखणं बहुधा वेगळंच आहे. खिडकीच्या बाकीच्या लूव्हर उघड्या असतील तर तो डक्टमधलीच हवा फिरवत बसतो, बाथरूमची हलतच नाही.

आणि लोक हमखास विसरतात ते दार. जेवढी हवा बाहेर, तेवढी आत यायला हवी. १०० मिमी पाइपाचं तोंड ७८ चौरस सेंमी. ७५ सेंमी रुंद दाराखाली १२ मिमी फट ठेवली तर ९० चौरस सेंमी मिळतात. दाराखाली रबरी पट्टी लावली असेल तर ती काढा, नाहीतर कितीही महागडा पंखा आणा, नुसता घुमत राहील.

वर्तुळ_११०
पाइप: सरळ भागात ११० मिमी पीव्हीसी, पंख्याच्या दोन्ही बाजूंना ३०-४० सेंमी फ्लेक्सिबल. सगळाच फ्लेक्सिबल टाकला तर तो मध्ये झोळीसारखा लोंबतो, त्यात पाणी साठतं आणि पंखा चालू केला की हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू येते. जो तुकडा वापराल तो ताणून बसवा, चुणी पडलेला फ्लेक्सिबल हवा अडवतो.

मापाचा एक घोळ असतो. ११० हा पाइपाचा बाहेरचा व्यास. आतून तो १०४च्या आसपास आणि पंख्याचं तोंड ९७-९८. थेट घातलं तर चारही बाजूंनी ३ मिमी फट राहते. मधला फ्लेक्सिबल तुकडा तोंडावर चढवून होज क्लिपने आवळा, वरून अॅल्युमिनियम टेप. फ्लेक्सिबल पीव्हीसीवर चढत नसेल तर पीव्हीसीच्या आत सरकवून फोम टेपने भरा. कापडी टेप नको, वाफेने सहा महिन्यांत सुटते.

क्रम असा ठेवा:
१. जाळी दारापासून लांब, शॉवरच्या बाजूला. दाराजवळ लावली तर फटीतून आलेली कोरडी हवाच परत बाहेर जाते, वाफ तिथेच.
२. पंखा स्लॅबला टांगा, अँकर फास्टनर आणि मध्ये रबरी वॉशर घालून. सीलिंगच्या पत्र्यावर ठेवला तर अख्खं सीलिंग स्पीकर होतं. बॉडीवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो डक्टकडे.
३. भिंतीत ५ इंची कोअर कटिंग (मशीनने गोल भोक). ११० च्या पाइपाभोवती ८ मिमी जागा उरते, तिथे पॉलिमर मॉर्टर. बीम किंवा कॉलमला हात लावायचा नाही. सीलिंगच्या वर लगेच बीम लागतो बऱ्याचदा, म्हणून आधी सीलिंगमध्ये झरोका कापून बघा, मग मशीन बोलवा. सोसायटीची लेखी परवानगी आधी.
४. पाइपाचा उतार बाहेरच्या बाजूला, मीटरमागे २ सेंमी. उलटा उतार राहिला तर पाणी मोटरमध्ये.
५. पंख्याखाली ४५ × ४५ सेंमीची ट्रॅपडोअर (सीलिंगमधलं उघडणारं झाकण). ही न ठेवता पीओपी बंद करणारे लोक आहेत. मोटर अडकली की सीलिंग फोडायचं.

बीम आडवा आलाच तर कोअर कटिंग सोडा. खिडकीच्या वरच्या दोन लूव्हर काढून तिथे ६ मिमी अॅक्रिलिक शीट बसवा आणि तिला होल सॉने गोल पाडा. पाइपाला तिथे एक वळण जास्त पडेल, ते एका ९०च्या एल्बोऐवजी दोन ४५च्या बेंडने घ्या. उरलेल्या लूव्हर मात्र आंघोळीच्या वेळी बंद.

दोन_फेज
वायरिंगचं राहिलं. पंखा २५-३० वॉटचा, ६ अँपिअरचा स्विच आणि १ चौ. मिमी वायर पुष्कळ. आंघोळीनंतर १५ मिनिटं चालत राहणारा टायमरचा पंखा घेणार असाल तर कायमचा फेज, स्विचमधून आलेला फेज, न्यूट्रल अशा तीन वायरी लागतात. भिंतीतल्या पाइपात दोनच असतील तर तिसरी आत्ताच ओढून घ्या. दोन्ही फेज लाइटच्याच लाइनवरून. जवळ पडतं म्हणून एक गीझरच्या लाइनवरून घेतला की एक एमसीबी पाडूनही पंख्यात करंट शिल्लक राहतो.

दोन स्पीडचा पंखा असेल तर हाय आणि लो एकाच वेळी चालू होतील असे दोन सुटे स्विच देऊ नका, मोटर जळते. एक टू-वे स्विच द्या. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर हे काम त्याच्यापासून सुरू करा.

पाचवा_मजला
गॅस गीझर बाथरूममध्येच असेल तर हेच करता येईल का?

काटकोन
नाही. गीझर आधी बाहेर, मग पंखा. धुराडं नसलेला गीझर बाथरूममधलाच ऑक्सिजन खातो आणि जळण अपुरं झालं की कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. धुराडं असलेल्या गीझरला तर पंखाच धोका आहे. दार बंद, फट अपुरी, पंखा चालू, की खोलीतला दाब उतरतो आणि धुराड्यातून जायचा वायू उलटा आत ओढला जातो. गीझर ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत. याला दुसरा उपाय मी सुचवणार नाही.

ओलसर_भिंत
गीझर इलेक्ट्रिकच आहे. दाराखालची पट्टी काढली, फट १० मिमी निघाली. डक्टमध्ये कबुतरं खूप आहेत, पाइपाच्या तोंडाला मच्छरजाळी चालेल का?

वर्तुळ_११०
मच्छरजाळी नको. टॉवेलचा रोवा आणि वाफ मिळून महिन्याभरात तिची वाकळ होते. १०-१२ मिमी चौकटीची वेल्ड जाळी लावा आणि तिच्या आत हलकी झडप, म्हणजे पंखा बंद असताना शेजाऱ्यांच्या फोडणीचा वास येणार नाही. झडप हाताने ढकलून बघा, स्वतःच्या वजनाने बंद झाली पाहिजे. काही झडपा उभ्या बसवल्या तरच मिटतात. फट १० मिमी म्हणजे ७५ चौरस सेंमी, काठावर आहे. तासून १२ करा, फ्लश डोअर असेल तर कापलेल्या कडेला लगेच प्राइमर मारा, नाहीतर खालून फुगेल.

बसवून झाल्यावर दार लावून फटीशी उदबत्ती धरा. धूर आत सरळ खेचला गेला पाहिजे. जाळीला टिश्यू पेपर चिकटतोय पण धूर दाराशी रेंगाळतोय, तर हवा खिडकीतून येतेय, लूव्हर बघा.