पतंगासाठी येवला, आणि त्याआधी मिसळ : तुमचे अनुभव सांगा

डिसेंबर संपत आला की आमच्याकडे एकच वाद सुरू होतो, यंदा संक्रांतीला येवल्याला जायचं की आपल्याच गच्चीवर भागवायचं. नाशकात पतंग उडत नाहीत असं नाही, जुन्या नाशकात आणि पंचवटीत तर 'गई बोला रे धिन्ना' ऐकून कान किटतात, पण येवल्याचं प्रकरणच वेगळं. भोगी, संक्रांत आणि कर, तीन दिवस गाव खाली नसतंच, सगळं वर. तर ज्यांनी ज्यांनी एका दिवसात जाऊन यायचा उद्योग केलाय त्यांनी लिहा. कुठे खाल्लं, कधी पोचलात, काय फसलं, सगळं. सुरुवात मी करतो.

२०२३ ला संक्रांत रविवारी आली होती, १५ जानेवारीला, त्यामुळे सुट्टी टाकायची भानगड नव्हती. आम्ही सात जण, दोन गाड्या. आता येवला नाशिकच्या पूर्वेला, साधारण ८५ किलोमीटर. पण आमचे भावजी राहतात गंगापूर रोडला, त्यांचं म्हणणं बारदान फाट्याला साधनाची चुलीवरची मिसळ खाल्ल्याशिवाय गाडी हलणार नाही. म्हणजे आधी पश्चिमेला जायचं, खायचं, आणि मग अख्खं शहर ओलांडून नांदूर नाक्याला यायचं. मी नकाशा दाखवला, बायकोने घड्याळ दाखवलं, काही उपयोग नाही. गेलोच. आणि खोटं कशाला बोलू, जानेवारीच्या थंडीत चुलीचा तो धूर, काळ्या मसाल्याचा रस्सा, त्यावर कांदा, पिळलेलं लिंबू, पहिली वाटी सरळ जाते आणि दुसऱ्या वाटीला कानाच्या पाळ्या गरम होतात. पोराने फक्त दही-पाव खाल्ला आणि सगळ्यात जास्त वेळ त्यानेच लावला.

चांदोरीपासून पुढे धुकं. निफाडची थंडी तुम्हाला माहितीच आहे, पेपरात दर वर्षी राज्यातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून निफाडचं नाव येतं. द्राक्षबागांमध्ये शेकोट्यांचा धूर बसलेला, थंडीने मणी तडकू नयेत म्हणून पेटवतात. विंचूर करत येवल्यात पोचलो तेव्हा साडेअकरा. उशीर झाला म्हणून भावजींना शिव्या घालून झाल्या होत्या, पण खरं सांगायचं तर काही बिघडलं नाही कारण सकाळी वारा पडलेलाच असतो, ऊन तापलं की मग सुटतो.

खरी गंमत पुढे. पोचलो, गाड्या लांब लावल्या, गल्लीत शिरलो, आणि लक्षात आलं की आपल्याकडे गच्चीच नाही! डोक्यावर दोन घरांच्या मधे आकाशाची एक पट्टी, त्यातून क्षणभर एखादा पतंग सर्रकन जातो आणि वरून आवाज येतो 'वकाऽऽट', की लगेच हलकडी नावाचं वाद्य वाजतं, आणि आपण खाली मान वर करून येड्यासारखे उभे. मी समजत होतो एखादं मैदान असेल, स्टॉल असतील, जत्रेसारखं. तसं काही नाही. अर्धा तास असेच फिरलो. शेवटी एका जुन्या वाड्याच्या वरून एका आजोबांनी विचारलं, "नाशिकचे का? मग खाली काय करताय, वर या की." जिना इतका अरुंद की मेहुणीला पर्स डोक्यावर धरून चढावं लागलं. वर गेलो आणि बस, सगळं आकाश एकदम उघडलं. संध्याकाळी सहापर्यंत आम्ही खाली उतरलो नाही.

तिखट चालतं
मिसळीवरून एक सांगतो, येवल्याला जाणाऱ्याने बारदान फाट्याला जाणं म्हणजे नाक उलट्या हाताने धरणं आहे. पंचवटीत अंबिका आहे की, तिथून नांदूर नाका सरळ. आमचं ठरलेलं, साडेसातला तिथे, आठला गाडीत. फक्त ज्याला अॅसिडिटी आहे त्याने तर्री वेगळी मागून घ्या, पुढे दिवसभर उन्हात गच्चीवर बसायचंय आणि लोकाच्या घरी बाथरूम कुठे विचारत फिरणं बरं दिसत नाही. अनुभवावरून बोलतोय, जास्त विचारू नका. वाटेत तोंडात टाकायला कोंडाजीचा चिवडा.

येवल्याची लेक
माहेर येवला, सासर नाशिक, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

पहिली गोष्ट, तिथे फिरकी किंवा चक्री म्हणू नका, हसतात. आमच्याकडे आसारी. मधे दांडा आणि भोवती काड्यांचा पिंजरा, दोरा त्या पिंजऱ्यावर बसतो. तुमच्याकडे एक जण पतंग उडवतो आणि दुसरा बिचारा मागे चक्री धरून उभा असतो, बहुतेक वेळा ती बहीण असते. आसारीत तसं नाही, उडवणाराच आसारी सांभाळतो, ढील द्यायची तर सोडतो, पतंग कापला की राहिलेला दोरा दांडा गरागरा फिरवून असा गुंडाळतो की बघत राहावं. माझ्या बाबांची आसारी त्यांच्या वडिलांची आहे. दांड्याचं लाकूड हाताने घासून घासून काळं आणि गुळगुळीत झालंय, एका टोकाला जिथे त्यांचा अंगठा बसतो तिथे चक्क खळगा पडलाय. लहानपणी मी माझा अंगठा त्यात ठेवून बघायचे, अर्धासुद्धा भरायचा नाही. आता भरतो.

आजोबा घरी मांजा सुतायचे. अंगणात दोन खांबांना दोरा ताणायचा, सरस, रंग आणि वस्त्रगाळ केलेली काच यांची लुगदी फडक्यात घ्यायची आणि एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, मधे थांबलं की तिथे गाठ बसते. आम्हाला त्या दिवशी अंगणात यायची बंदी. संक्रांतीला घरातल्या सगळ्यांच्या बोटांना चिकटपट्ट्या. आई पोळ्या लाटताना पण पट्टी काढायची नाही कारण मधेच वर जाऊन एक पेच खेळून यायची, आणि ती चांगली खेळते हां, ढिलीवर कापते, खेचून नाही.

स्वयंपाकाचं म्हणाल तर भोगीला मिसळ-बिसळ विसरा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि भोगीची भाजी, त्यात हरभरा, वाल, गाजर, वांगं, बोरं, ऊस, शेंगदाणे, जे जे त्या दिवसात येतं ते सगळं. ती भाकरी हातात घेऊन गच्चीवर खायची. शेवटच्या दिवशी अंधार पडला की फटाके, आणि कुणीतरी दोरीला कागदी कंदील बांधून सोडतं, तो वर वर जात एवढासा होतो. ते बघायचं असेल तर सहाला निघून चालत नाही, वर ज्यांनी लिहिलंय त्यांनी अर्धंच बघितलं.

सिडकोकर
मूड घालवायचा नाहीये पण लिहितोच. बाईकवर जाणाऱ्यांनी गळ्याला मफलर गुंडाळल्याशिवाय निघू नका. मागच्या संक्रांतीच्या आठवड्यात शहरातल्याच उड्डाणपुलावरून उतरताना काहीतरी हेल्मेटच्या पट्ट्याला अडकलं असं वाटलं, हात नेला तर अंगठ्याच्या खाली चिरलं, चार टाके. नायलॉनचा मांजा होता. दिसतसुद्धा नाही हो तो उन्हात. २०१७ ला हरित लवादाने देशभर बंदी घातलीय, पोलीस दर वर्षी पकडतात, तरी कुठून तरी येतोच. सुती मांजा ताणला की तुटतो, हा तुटत नाही, माणूस तुटतो. आता हँडलला पुढे तो वाकवलेला लोखंडी रॉड लावून घेतलाय, दिसतो भंगार पण असू दे. येवल्याला गेलो तर एसटीने, ठक्कर बाजारातून संभाजीनगरच्या गाड्या येवल्यावरून जातात.

निफाडची थंडी
सिडकोकरांना दुजोरा. आम्ही एका वर्षी येवल्याला जाताना वाट वाकडी करून आधी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो, पहाटे. निफाडपासून जवळच आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाने दखल घेतलेली पाणथळ जागा, झालं ते. गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचा बंधारा, गाळाने उथळ झालाय आणि तेच पाखरांना हवं असतं. बदकं, करकोचे, नशीब असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. चापडगावात एका घरी आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं, पिठलं, भाकरी, ठेचा आणि खारवलेली मिरची. माझ्या मते मिसळीपेक्षा हा नाश्ता सरस (तिखट चालतं, रागावू नका).

परत येताना वाटेतल्या बाभळीत एक पिंगळा लटकलेला, पंखाला मांजा. बायकोने ओढणी टाकून त्याला झाकलं, डोळे झाकले की ते धडपडायचं थांबतं. ओढून सोडवायला जायचं नाही, पंख अजून कापतो, दोन्हीकडचा दोरा कापून टाकायचा आणि तसंच खोक्यात ठेवून वनखात्याच्या माणसाकडे द्यायचं. बुटाचं खोकं होतं गाडीत म्हणून निभावलं. त्यानंतर येवल्याला गेलो खरे, पण मुलीने पतंग हातात घेतला नाही, नुसती गच्चीवर बसून हलकडी वाजवत राहिली. तिला ती इतकी आवडली की शेजारच्या गच्चीवरचा पतंग कटला तरी वाजवायची, आपला कटला तरी वाजवायची.

पैठणीने घात केला
आमचा दिवस थोडक्यात : निघालो पतंग बघायला, परत आलो पैठणी घेऊन. बायको म्हणाली, "आलोच आहोत तर पाचच मिनिटं हातमाग बघून येऊ." हातमागावर विणकर मोराचा एक डोळा विणत होता, आम्ही तिथे होतो तेवढ्या वेळात तो एक डोळा पण पूर्ण झाला नाही. पाच मिनिटांचे अडीच तास. माझ्या मुलाने तेवढ्यात बाहेर गल्लीत सहा कटलेले पतंग पकडले, तो म्हणतो बेस्ट ट्रिप. मला वर गच्चीवर नेणारं कुणी भेटलं नाही. भरपूर पैसे गेले आणि एकही पेच नाही.

एक पुणेकर
पुण्याहून येणाऱ्यांसाठी, दौंड-मनमाड लाईनवर येवला स्टेशन आहे, गाडीची वेळ जुळली तर ड्रायव्हिंगची कटकट नाही. मी एकटाच गेलो होतो. वारा सुटेपर्यंत वेळ होता म्हणून मुक्तिभूमीला गेलो, १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती जागा. सणाच्या सकाळी तिथे अगदी शांत होतं, पाच-सहा माणसं, आणि लांबून गावातला गलका ऐकू येत होता. तात्या टोपे पण येवल्याचेच, हे मला पन्नाशीत कळलं, शाळेत काय शिकलो कुणास ठाऊक.

मला प्रश्न आहे. पैठणीवाल्यांसारखंच माझं पण झालं, गच्ची मिळाली नाही. ओळख नसेल तर सरळ कुणाच्या घराची कडी वाजवायची का? पुण्यात असं केलं तर काय ऐकावं लागेल ते सांगत नाही.

येवल्याची लेक
वाजवायची हो! त्या तीन दिवसांत बिनधास्त. फक्त रिकाम्या हाताने जाऊ नका, तिळगूळ न्या, आणि आपले पतंग आपण न्या, सुती मांजा. नायलॉन घेऊन आलात तर आमचे बाबा जिन्यातूनच परत पाठवतील, एकदा जावयाला पाठवलंय. आणि पेच आपण कापला तर ओरडा, शेजारच्याने कापला तरी ओरडा, गप्प बसणारा पाहुणा आवडत नाही कुणाला.

कुणी येणार असाल तर मला आधी कळवा. आमची गच्ची दोन मजल्यांवर आहे आणि कठडा जुना, गुडघ्याच्या जरा वर. लहान मुलं असतील तर आई आदल्या रात्री चारी बाजूंनी खाटा उभ्या करून बांधून ठेवते, त्याला वेळ लागतो.