ड्रेनेजवाल्यांचा सत्कार करायचाय, नेमकं काय द्यावं?

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीत मागच्या आठवड्यात चेंबर तुंबला, त्यात पाऊस पण तेव्हाच, घाण पाणी पार पार्किंगमध्ये शिरलं. कंप्लेंट केल्यावर महापालिकेची माणसं आली. पहारीनं झाकण उचकटलं, बराच वेळ तसंच उघडं ठेवून लांब बसले, मग बांबूच्या पट्ट्या एकाला एक जोडून ह्या चेंबरातून त्या चेंबरापर्यंत ढोसत राहिले. शेवटी निघालं काय, तर आख्खी चादर (सोलापुरी असणार, एवढं सोसून पण फाटली नव्हती) आणि तिच्यात अडकलेले डायपर, पॅड, शाम्पूच्या पुड्या. हातमोजे एकाच्याच हातात, ते पण फाटके. आणि आम्ही सगळे गॅलरीत नाकाला रुमाल लावून बघायलो.
आता अध्यक्ष काका म्हणायलेत १५ ऑगस्टला बोलवून शाल-श्रीफळ देऊ, फेटा बांधू, फोटो काढू. मला ते कसंतरीच वाटायलंय. पैसे दिले तर चालतात का? का अजून काही करता येईल?

शेंगाचटणी:
शालीचं काय करणार ओ ते, सोलापुरात घरोघरी चादरी-टॉवेल पडलेत. मी सांगतो काय द्यायचं ते. पाणी अन् साबण. आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्यामुळं लोकं बादली द्यायला पण जीव वर-खाली करतात, अन् दिली तरी तांब्यानं लांबून वरून ओततात. कॉलनीचा बोअर असंल तर नळ सोडून द्या, सावकाश हातपाय धुऊ द्या. चहा द्यायचा तर आपण पितो त्याच कपात द्या, कागदी ग्लास खास त्यांच्यासाठी काढू नका, त्यांना कळतंय ते.

बाळीवेस_बॉय:
सत्कार कशाला बे? पगार मिळतो की त्यांना. मी दिवसभर दुकानात उभा राहतो माझा कोण फेटा बांधायलाय.

जत्रेतला_पाळणा:
@बाळीवेस_बॉय, दुकानात उभा राहून अंगावर किडे येत नसतील तुझ्या.
माझे वडील महापालिकेत सफाईला होते म्हणून लिहितो. पहाटे हजेरी, मुकादमानं नाव घेतलं की झाडू अन् ढकलगाडी घेऊन बीटवर. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत होम मैदानाकडं ड्युटी लागायची, आपण भेळ-बासुंदी खाऊन घरी येऊन झोपतो तेव्हा त्यांचं काम सुरू. ते कायमचे होते, पगार वेळेवर व्हायचा, खोटं कशाला बोलू. पण आता घंटागाडीवरची बरीच पोरं ठेकेदाराकडं असतात, त्यामुळं सगळ्यांना पगाराचं एकच गणित लावू नको.
वडिलांना त्रास वासाचा नव्हता, नाक मरतं म्हणायचे. त्रास काचेचा. ओल्या कचऱ्याच्या पिशवीत फुटकी बरणी, दाढीचं ब्लेड, शुगरवाल्यांच्या इंजेक्शनच्या सुया. पिशवी हातानंच फोडायची, मग कापलं की त्याच हातानं पुढचं काम. जुन्या गल्लीतली एक आजी मात्र काच पेपरात गुंडाळून वरून सुतळी बांधायची अन् गाडी आली की दारातनं ओरडायची, "काच हाय गं बाई त्यात, जपून!" ते घरी येऊन ह्या आजीचं कौतुक सांगायचे. सत्कार त्यांचा पण झाला होता एकदा, कुणीतरी नारळ दिला होता, त्याची चटणी झाली विषय संपला.
ओला-सुका वेगळा द्या, पॅड-डायपर नीट गुंडाळून द्या हे २०१६ पासून नियमातच आहे. तुमच्या कॉलनीत ते डायपर चेंबरात कसे गेले ते आधी बघा.

विजापूररोड_सिव्हिल:
वरच्यांशी सहमत. फक्त एक भर, ती माणसं झाकण उघडून लांब का बसली होती ते कुणी लिहिलं नाही. आत गॅस साचलेला असतो. हायड्रोजन सल्फाइडला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो पण प्रमाण वाढलं की नाकाला वासच कळेनासा होतो, माणसाला वाटतं गॅस गेला. आत उतरलेला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तो पण पडतो. पेपरात एकाच टाकीत दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या येतात त्या अशाच.
आपल्याकडं हद्दवाढीतल्या घरांना बऱ्याच ठिकाणी अजून संडासच्या टाक्याच आहेत. टाकी भरली की सक्शन गाडीचे पैसे वाचवायला नाक्यावरून कुणालातरी आणून आत उतरवायचं, हे करूच नका. हातानं मैला उपसायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात सुरक्षेची साधनं न देता माणूस उतरवणाऱ्याला पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला मृताच्या घरच्यांना १० लाख द्यायला सांगितलं होतं, २०२३ ला ते ३० लाख केले. तरी माणसं उतरतातच, कारण नाही म्हटलं तर त्या दिवशीची मजुरी बुडते.
अन् २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला नवा कोरा झाडू धरून फोटो काढणाऱ्यांवर एक वेगळा धागा काढायला पाहिजे.

बाळीवेस_बॉय:
बरं बरं, फेटा बांधा. सुयांचं माहीत नव्हतं. आमच्या आईला रोज इन्सुलिन लागतं, त्या सुया बाटलीत भरून झाकण लावून दिल्या तर चालतंय का?

जत्रेतला_पाळणा:
चालतंय की. जाड प्लॅस्टिकची बाटली घे अन् ओल्या कचऱ्यात टाकू नको, गाडीवाल्याला सांगून वेगळी हातात दे.

होटगीरोडकर:
सगळ्यांचे आभार. काल मीटिंग झाली. शाल-फेट्याच्या पैशात रबरी हातमोजे अन् गमबूट घ्यायचं ठरलं, साईज विचारून घेणार, नाहीतर सगळ्यांना नऊ नंबर आणतील आमची लोकं. बोअरचा एक नळ कंपाउंडच्या बाहेर काढायचाय, प्लंबर बघायलोय. डायपरवरून मात्र बी विंग अन् सी विंगची जुंपलीय, दोघं पण म्हणतात आमच्याकडं लहान बाळच नाही. अध्यक्ष काका रुसलेत. फोटो तरी काढू म्हणायलेत, गमबुटासकट.