गिझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते; त्याचे तोंड बंद करावे का?

प्रश्नकर्ता:
नमस्कार. आमच्याकडे २५ लिटरचा, २ किलोवॉटचा विजेवर चालणारा साठवणीचा गिझर आहे. तो चालू केल्यावर थोड्या वेळाने सेफ्टी व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून पाणी ठिबकू लागते, आणि गरम पाण्याचा नळ उघडला की ते थांबते. थंड पाण्याच्या नळातून गरम पाणी येत असे, म्हणून अलीकडेच गिझरकडे येणाऱ्या थंड पाण्याच्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवला. ठिबकणे त्यानंतरच सुरू झाले. शिवाय टाकीतून तडतड असा आवाज येतो आणि पाणी पूर्वीइतके तापत नाही. ठिबकणाऱ्या तोंडाला प्लग लावला तर चालेल का? कॉइल घरच्या घरी साफ करता येईल का?

पहिले उत्तर:
ते तोंड कोणत्याही परिस्थितीत बंद करू नका. पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की सुमारे दीड टक्का प्रसरण पावते, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत जवळजवळ पावणेचारशे मिलिलिटर पाणी जास्तीचे होते. पूर्वी हे पाणी थंड पाइपमधून मागे सरकत होते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हने ती वाट अडवली, म्हणून ते आता सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. व्हॉल्व्ह त्याचे काम चोख करत आहे. प्लग लावल्यावर थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणारा भाग) आणि त्यामागचा कट-आउट (पाणी फार तापल्यास वीज तोडणारा स्विच) दोन्ही अडकले, तर पाणी शंभर अंशांपलीकडे तापत राहील आणि टाकी फुटताच त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होईल. वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा लागते, त्यामुळे अशा स्फोटात भिंतीसुद्धा कोसळतात.

त्या तोंडाखाली भांडे ठेवून पाणी मोजून पाहा. एकदा पूर्ण तापेपर्यंत वरच्या हिशोबाइतकेच पाणी जमले, तर तोंडाला नळी जोडून ती उताराने गटारीपर्यंत न्या आणि तिचे दुसरे टोक कायम उघडे ठेवा. ठिबकणे मुळीच नको असेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्यामध्ये प्रसरण टाकी (वाढलेले पाणी सामावून घेणारी छोटी टाकी) बसवावी लागेल. गिझर बंद असतानाही पाणी गळत असेल, तर मात्र कारण वेगळे आहे: पुरवठ्याचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला आहे. अशा वेळी पाणी थंड असताना व्हॉल्व्हची दांडी क्षणभर उचलून सोडावी. बहुतेकदा कचरा निघून जातो.

दुसरे उत्तर:
तडतड आवाज बहुधा कॉइलवर बसलेल्या क्षारांचा आहे. क्षारांच्या थराखाली अडकलेले पाणी उकळते आणि त्याचे बुडबुडे फुटतात. परंतु पाणी कमी तापण्याचे कारण केवळ क्षार, असे गृहीत धरू नका, कारण क्षारांमुळे कॉइलची वीज घेण्याची क्षमता घटत नाही. २५ लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला २ किलोवॉटच्या कॉइलला साधारण ३५ मिनिटे लागतात. घड्याळ लावून पाहा. वेळ याहून बरीच जास्त लागत असेल, तर विजेचा दाब तपासून घ्या, कारण व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरले की उष्णता सुमारे १९ टक्क्यांनी घटते. याउलट गिझरवरचा दिवा लवकर विझत असेल आणि तरीही पाणी कोमटच राहत असेल, तर थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षार साचून ती कॉइलच्या उष्णतेने आधीच तापत असावी.

कॉइल घरी साफ करता येते, मात्र त्यात घाई नको. एमसीबी बंद करा, गिझरच्या टर्मिनलवर वीज नसल्याची टेस्टरने खात्री करा आणि पाणी पूर्ण थंड होऊ द्या. त्यानंतर पुरवठ्याचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा आणि गिझरच्या तळाशी थंड पाण्याच्या पाइपची जोडणी सोडवा, म्हणजे नळातून हवा आत जाऊन खालून टाकी रिकामी होईल. कॉइल काढल्यावर क्षार खरवडू नका, कारण वरचे आवरण चिरले तर तिचा जीव तिथेच संपतो. सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून ठेवा. तीव्र आम्ल टाळा. मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड झिजून आतली तार दिसू लागली असेल, तर तोही बदला, कारण टाकीऐवजी गंज तोच झेलतो. गॅस्केट नवेच लावा आणि नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. गरम नळातून सलग धार येईपर्यंत वीज चालू करू नका. कोरडी कॉइल काही क्षणांत जळते.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. प्लगचा विचार सोडला आहे. थर्मोस्टॅट ४५ अंशांवर ठेवला तर ठिबकणे आणि क्षार दोन्ही कमी होतील का?

तिसरे उत्तर:
कमी होतील, तरीही तसे करू नये. लिजिओनेला हे जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात आणि अशा पाण्याचे तुषार श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. टाकीतले पाणी ६० अंशांपर्यंत तापवा. मात्र ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते, म्हणून घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर नळापूर्वी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात थंड पाणी मिसळून ठरलेले तापमान राखणारा) बसवून घ्या.