मदत हवी आहे: रॅबाय स्मॉलचे सातही वार संपले, आता पुढे?

हॅरी केमेलमनच्या रॅबाय (ज्यू धर्मगुरू) डेव्हिड स्मॉल या रहस्यकथा-मालिकेतली, नावात वार असलेली सातही पुस्तकं क्रमाने वाचून झाली. १९६४च्या शुक्रवारपासून १९७८च्या गुरुवारपर्यंत. खुनी कोण यापेक्षा मला सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) कार्यकारिणीतली भांडणंच जास्त आवडतात (थेट आपल्या सोसायटीची वार्षिक सभा!). शिवाय कॅथलिक पोलीसप्रमुख लॅनिगनशी रंगणाऱ्या धर्मावरच्या गप्पा, आणि तालमुदी (ज्यू धर्मशास्त्राच्या धर्तीचा) काथ्याकूट करत रॅबायने गुन्ह्यापर्यंत पोचणं.

पुढचं 'कॉन्व्हर्सेशन्स विथ रॅबाय स्मॉल' (१९८१) ही रहस्यकथा नाही, ज्यू धर्मावरचा संवाद आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधलं, ओळखीच्या वाचनालयांतही विचारलं, नाही मिळालं. नवीन मागवायला खिसा तयार नाही आणि स्क्रीनवर वाचणं डोळ्यांना झेपत नाही. त्यानंतरचं 'समडे द रॅबाय विल लीव्ह' (१९८५) मात्र हाताशी आहे.

फे केलरमनची मालिका कृपया सुचवू नका, ती माहीत आहे. आणि खुनी फोडू नका!

ज्यांनी दोन्ही वाचलीत त्यांना विचारायचंय: १९८१चं वगळून थेट १९८५चं घेतलं तर स्मॉल, त्याची बायको मिरियम किंवा त्यांच्या गावाबद्दलचा काही धागा सुटतो का?