खाली गेलो तरी चालेल, पण पेठेची पोरं खेळू देत

गॅलरीतला जुना

रविवारी फुटबॉलचा सामना हरून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरून निघालो ते मिरजकर तिकटीपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. सात सामने झाले, गुण चार. दोन सामने शिल्लक. दोन्ही मारले तरच वर राहायची आशा, नाहीतर पुढच्या वर्षी खालच्या गटात. रात्री तालमीत, म्हणजे पेठेच्या आमच्या क्लबात, बैठक बसली आणि ठरलं की वर्गणी काढायची आणि उरलेल्या दोन सामन्यांपुरते तीन खेळाडू बाहेरून आणायचे, त्यात दोन परदेशी. मी विरोध केला. तिथं आवाज चढले, म्हणून इथं धाग्यावर सविस्तर लिहितोय.

आमचा उजवा बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, 19 वर्षांचा आहे. शिरोलीत फौंड्रीत कामाला जातो. रविवारी सामन्याआधी तो पायरीवर बसून घोट्याला पट्टी गुंडाळत होता, मी शेजारीच होतो. बोटांच्या पेरांत बसलेली काळी रेती धुऊनसुद्धा निघालेली नव्हती. सामन्यात दोन गोल त्याच्याच बाजूनं झाले, हे खरं आहे. पण चौथा गोल झाल्यावर जाळीतला बॉल काढायला तोच आत गेला, काखेत मारला आणि मधल्या वर्तुळापर्यंत पळत आला. चार-शून्य पडलेलो, पाच मिनिटं उरलेली, आणि हे पोरगं खेळ लवकर सुरू व्हावा म्हणून पळतंय. बाहेरचे तिघे आले की पहिला बाकावर बसणार तो हाच.

स्पेनमधला अ‍ॅथलेटिक बिल्बाओ क्लब फक्त बास्क भागातले किंवा तिथं घडलेले खेळाडू घेतो. 2006-07 च्या हंगामात ते अगदी कड्यावर होते. शेवटच्या दिवशी लेवांतेला 2-0 हरवलं आणि एका गुणानं वाचले. 40 गुण त्यांचे, 39 वाले सेल्टा खाली गेले. तेवढ्या टांगणीला लागूनसुद्धा त्यांनी नियम मोडला नाही, आणि आजपर्यंत ते एकदाही खाली गेलेले नाहीत. ते खाली गेले असते तरी त्यांच्या लोकांनी त्यांना टाकलं नसतं, असं माझं मत आहे. आपणही टाकणार नाही. मग एवढी भीती कशाची?

डावी बगल

दादा, तुमचा मान ठेवून बोलतो, पण हे पटलं नाही. भीती कशाची ते सांगतो. आमची तालीम खाली गेली तेव्हा मी नववीत होतो. पुढच्या हंगामात आमचा सामना बघायला गॅलरीत माणसं मोजून घ्यावीत एवढी. वर्षभरात चार चांगली पोरं दुसऱ्या तालमींकडून खेळायला लागली, आणि त्यांना नावं ठेवायची सोय नव्हती, कारण खालच्या गटात त्यांचा खेळ बघणार कोण? परत वर यायला आम्हाला जी वर्षं लागली, तेवढ्यात एक अख्खी बॅच लग्न करून, नोकरीला लागून संपली. तुम्ही ज्या पोराचं सांगताय, तो आज 19 चा आहे. तीन वर्षं खालच्या गटात गेली की 22 चा होईल आणि फौंड्रीत कायम होईल. त्याच्यासाठीच तर वर राहायचंय.

बिल्बाओचं म्हणाल तर त्यांच्याकडं लेझामा आहे. 1971 पासूनची स्वतःची अकादमी, त्यात लहान पोरांपासून सगळे संघ घडतात. आपल्याकडं गांधी मैदान, पावसाळ्यात तिथं पाणी साठतं आणि सराव बंद. नुसता नियम उचलायचा आणि त्यामागचं पन्नास वर्षांचं काम सोडून द्यायचं, असं चालत नाही ओ.

रंकाळा काठ

डावी बगल, तुमच्याच मुद्द्यावरून पुढं जातो. बिल्बाओ ज्या भागातून खेळाडू घेतो तिथली लोकसंख्या सगळी मिळून सुमारे 30 लाख. 2011 च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची 38 लाखांच्या वर होती. म्हणजे पोरं कमी आहेत म्हणून बाहेर बघावं लागतं, हे कारण निकालात निघालं. कागल, करवीर, हातकणंगले इथल्या किती पोरांना तुमच्या तालमीनं आजवर ट्रायलला बोलावलंय? दोन सामन्यांसाठी वर्गणी जमते, पण 14 वर्षांखालच्या पोरांच्या बुटांना जमत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पण घडायला त्याला लहानपणीच घर सोडून पुण्याला जावं लागलं.

आणखी एक. बिल्बाओचा शेजारी रेआल सोसिएदादसुद्धा आधी बास्क पोरंच खेळवायचा. 1989 ला त्यांनी लिव्हरपूलचा जॉन ऑल्ड्रिज घेतला आणि दार उघडलं. ज्या 2007 च्या हंगामात बिल्बाओ एका गुणानं वाचले, त्याच हंगामात सोसिएदाद खाली गेले. बाहेरचा माणूस घेतला की संघ वाचतोच, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू नये.

मधली फळी

एवढ्या लांब कशाला, आपल्या देशातलं बघा. 2015-16 च्या आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेत मिझोरामचा आयझॉल क्लब, ते आठवे आले आणि खाली जायची पाळी त्यांच्यावर आली. त्यांच्याही खाली पुण्याचे डीएसके शिवाजियन्स होते, पण कॉर्पोरेट म्हणून थेट प्रवेश मिळाल्यामुळं त्यांना खाली जाण्यातून सूट होती. पुढं गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले, म्हणून आयझॉलला परत घेतलं, आणि 2016-17 ला तेच विजेते झाले. सूट मिळालेलं डीएसके 2017 ला बंद पडलं.

ही गोष्ट सांगताना सगळे मिझोरामच्या पोरांचं कौतुक करतात, आणि करायलाच पाहिजे. पण त्या संघाच्या मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना होता, हे विसरतात. तो शेजारी खेळला म्हणून ती पोरं मोठी झाली. माझा विरोध बाहेरच्या खेळाडूला नाही, दोन सामन्यांच्या भाड्याला आहे. आणायचा तर एकच आणा, पूर्ण हंगामासाठी आणा, आणि त्यानं रोज संध्याकाळी पोरांबरोबर सराव केला पाहिजे ही अट घाला. बुधवारी उतरून रविवारी गोल मारून गेलेला माणूस कुणाला काय शिकवणार?

डावी बगल

पुढच्या हंगामाचं बोलताय. इथं रविवार आलाय.

धाकटी बहीण

माझा भाऊ याच संघात आहे. कोण ते लिहीत नाही. गॅलरीतले काका, तुम्ही पोरांच्या बाजूनं बोललात, वाचून बरं वाटलं. पण बैठकीत एकाही पोराला विचारलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाही. रविवारपासून माझा भाऊ नीट जेवला नाही. काल रात्री मी त्याला हा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, "मला बाहेर बसवा, पण वर राहू दे. खाली गेलो तर पेठेत आयुष्यभर म्हणतील, यांच्या वेळी गेलं." तुम्ही कुणी असं म्हणणार नाही हे मला माहीत आहे. पण म्हणणारे आहेत. रविवारी गॅलरीतून त्याला काय काय ऐकावं लागलं ते मी आईच्या शेजारी बसून ऐकलंय, आणि ते सगळे आपल्याच पेठेतले होते.

गॅलरीतला जुना

बाळ, चूक माझी आहे. पोरांना विचारायला पाहिजे होतं. उद्या सरावाला जाऊन सगळ्यांना एकत्र बसवून विचारतो, आणि ती म्हणतील ते बैठकीत मांडतो.

माझं मत मात्र बदललेलं नाही. उलट तू लिहिलंस त्यानं जास्त घट्ट झालं. 19-20 वर्षांच्या पोराला आयुष्यभराच्या बोलण्याची भीती वाटते, कारण आपण हरलेल्या पोराला बोलतो. तीन माणसं भाड्यानं आणून ती भीती जाणार नाही, पुढच्या पोरांवर जाईल. रविवारी गॅलरीत जो शिवी देईल त्याच्यासमोर मी उभा राहीन, मग तो माझा सख्खा भाऊ असला तरी. रंकाळा काठचा बुटांचा मुद्दाही बैठकीत ठेवतो. तो वर्मी लागला.

डावी बगल

दादा, तुम्ही उभे राहिलात तर शेजारी मी असेन, त्यात दुमत नाही. पण वर्गणीला माझे हजार रुपये सकाळीच दिलेत, ते परत घेणार नाही. पोरं स्वतः म्हणतायत वर राहू दे, तर आपण कोण नको म्हणणार?

गॅलरीतला जुना

एक पोरगं म्हणालंय. बाकीच्यांना उद्या सहाला विचारू. तूही ये.