मदत हवी आहे: एफ > जी असेल तर मधे फट राहतेच, हे कसं दाखवायचं?

अडकलेली_टीवाय:
उद्या सकाळी सबमिशन आहे, कोणीतरी प्लीज लवकर सांगा. प्रत्येक एक्सला एफ(एक्स) > जी(एक्स), तर असा के > ० आहे की एफ(एक्स) ≥ जी(एक्स) + के, हे सिद्ध करायचंय. मी सरळ वजाबाकी केली, ती पॉझिटिव्हच येणार, म्हणून के म्हणजे तीच वजाबाकी असं लिहिलं तर मॅडमनी नुसता लाल गोल मारलाय. चुकलं काय??

खडूफळा:
एक्स कुठला? इंटरव्हल काय? फंक्शन्स कंटिन्युअस, म्हणजे मधे कुठे न तुटणारी, आहेत का?

गणप्या:
सोप्पंय, डेरिव्हेटिव्ह काढ, वाढतंय का बघ, डाव्या टोकाला किंमत टाक, संपलं. बारावीला साइन एक्स ≥ २एक्स/पाय आम्ही असंच करायचो.

खडूफळा:
कसं करायचात बुवा? त्यांची वजाबाकी ० ते पाय/२ मधे आधी वाढते मग उतरते, आणि दोन्ही टोकांना शून्यच, फट आहेच कुठे? शिवाय इथे डेरिव्हेटिव्ह आहे असं सांगितलंय कुणी?

अडकलेली_टीवाय:
हो हो कंटिन्युअस आहेत, [ए, बी] वर, दोन्ही टोकं धरून. ते तर असतंच ना.

खडूफळा:
असतंच काय, सगळा जीव त्यातच आहे! (०, १] वर, म्हणजे ० हे टोक सोडून, एफ = एक्स, जी = ० घे. सगळीकडे एफ मोठं, पण के ०.००१ धरला तरी एक्स = ०.०००५ ला आपटतो. तुझा के एक्सबरोबर बदलतोय, मॅडमना सगळ्यांना पुरणारा एकच आकडा हवाय.

शब्दवेडा:
कंटिन्युअसला मराठीत ‘संतत’ असा छान शब्द आहे, तो का नाही वापरत कोणी?

गणप्या:
मग वजाबाकीचा इन्फिमम, म्हणजे सगळ्यात मोठी खालची मर्यादा, घ्या, तोच के.

खडूफळा:
इन्फिमम (०, १] वरही आहे की, शून्य! तो गाठला जायला हवा. बंद इंटरव्हल आणि कंटिन्युअस एच = एफ − जी, म्हणजे एक्स्ट्रीम व्हॅल्यू थिअरमने एच आपली सगळ्यात लहान किंमत कुठल्यातरी सी ला घेतोच. सी [ए, बी] मधलाच, म्हणून एच(सी) > ०. तोच के.

कव्हरवाला:
थिअरम कशाला? प्रत्येक बिंदूभोवती एच निम्म्याहून वर राहील एवढा तुकडा घे, कॉम्पॅक्टनेसने (बंद इंटरव्हलच्या याच गुणाने) मोजकेच तुकडे पुरतात, त्यांच्यातली लहान निम्मी किंमत म्हणजे के.

गणप्या:
उद्या सबमिशन आहे तिचं, पीएचडी नाही.

अडकलेली_टीवाय:
सी वालं कळलं, थँक्यू! भाग ब पण आहे, सॉरी सांगायचं राहिलं. दोन्ही पॉझिटिव्ह, तर एफ ≥ लॅम्डा × जी, लॅम्डा > १?

खडूफळा:
वजाबाकीऐवजी भागाकार कर. आणि जी कुठेच शून्य नाही हे लिही, नाहीतर परत लाल गोल.