मदत हवी आहे: पोर्तुगालच्या टीमसोबत पेपर करतोय, पद्धतीवरूनच अडलंय

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीचा, पीएचडी चालू आहे. विषय असा की मिरकरवाडा, हर्णै, साखरी नाटे आणि देवगड यातलं मासळीच्या कोल्ड स्टोरेजला कुठलं बंदर बरं. ७ निकष धरले आणि थॉमस साटी यांच्या एएचपीने (निकषांची दोन-दोन करून तुलना करून त्यांची वजनं काढायची पद्धत) मच्छीमारांकडून जोड्या भरून घेतल्या, म्हणजे माणशी २१ प्रश्न, १ ते ९ च्या स्केलवर. दहाव्या प्रश्नाला एक काका म्हणाले, "अरे मघाशी हेच विचारलंस ना, काय ता एकदाच लिव!" त्यामुळे अर्ध्या फॉर्ममध्ये कन्सिस्टन्सी रेशो, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती विसंगत आहेत ते सांगणारा आकडा, ०.१० च्या मर्यादेवर गेलाय.

आता पोर्तुगालमधले सहलेखक म्हणतात एएचपी सोडा, फ्रान्सच्या बर्नार्ड रॉय यांची इलेक्ट्र ही पर्याय निवडायची पद्धत वापरा, कारण एएचपीत गोडं पाणी नसलं तरी चांगला रस्ता ते भरून काढतो, इलेक्ट्रमध्ये व्हेटो लावता येतो, म्हणजे एका निकषात फारच मागे पडलेलं बंदर बाकी गुणांवर पुढे जात नाही. मुद्दा पटतो मला, पाण्याशिवाय बर्फ कसला! पण व्हेटोची मर्यादा ठरवायला परत सगळ्या बंदरांवर जायचं, आणि आता होड्या समुद्रात, माणसं भेटणार कधी?

एएचपीची वजनं तशीच ठेवून पुढे इलेक्ट्र लावलं तर रिव्ह्यूअर ऐकतात का? ज्यांचे फॉर्म बिघडलेत त्यांना परत विचारायचं की वगळायचं? आणि लेखकांचा क्रम कामाआधीच ईमेलवर लिहून घेतात का, की मागितलं तर वाईट दिसतं? परदेशी टीमसोबत ज्यांनी काम केलंय त्यांनी प्लीज सांगा, सोमवारी मीटिंग आहे.